खड्डा खणणाऱ्याचा नागरी सत्कार

शिवयोगी कलशेट्टींच्या आईचा पाय ज्या खड्ड्यात मोडला तो खड्डा मुळात नव्हताच, हे कंपनीच्या माणसानं नकाशावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा शिवयोगींना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण चौतीस वर्षं नोकरी केली ती अगदीच कच्ची केली. सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर त्यांचे केस पांढरे झाले होते. या टेबलावरचा कागद त्या टेबलावर पोचायला किती चातुर्मास जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण चांगला तीनशे फुटांचा खड्डा कागदावरून पुसून टाकायचा, तोही गल्लीत उघडा पडलेला असताना, हे त्यांनाही कधी सुचलं नसतं.

खड्डा होता. 'अखंडजोड' नावाच्या इंटरनेट कंपनीनं दिवाळी झाल्या झाल्या गल्लीत मशीन आणलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खणला, त्यात नारिंगी पाइप टाकला, वर माती लोटली आणि मशीन निघून गेलं. माती दिसायला सपाट होती. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी शिवयोगींच्या आई नागव्वा सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघाल्या, आणि त्या सपाट मातीनं त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत घेतला. घोटा दोन ठिकाणी मोडला.

प्लास्टर दीड महिना राहिलं. तेवढ्यात सिद्धेश्वराची यात्रा आली आणि गेली. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून नागव्वांनी यात्रेतला सिद्धेश्वराच्या लग्नाचा एकही अक्षता सोहळा चुकवला नव्हता. एका वर्षी तर बारा दिवसांचं बाळ पदराखाली घेऊन त्या गेल्या होत्या, आणि ते बाळ म्हणजे स्वतः शिवयोगीच असल्यामुळे त्यांना ही गोष्ट खोटी म्हणता येत नसे. यंदा यात्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज वाजतगाजत गेले ते नागव्वांनी मोबाईलवर बघितले. तेही अडकत अडकत, कारण गल्लीत एवढी खणाखणी होऊनही इंटरनेट काही धड चालत नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, उद्यापासून चालायला लावा, असं डॉक्टर म्हणाले; आणि महिना-दीड महिन्यात चालल्या नाहीत तर सांधा आखडेल, मग खाट सुटायची नाही, असंही म्हणाले. नागव्वांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर खाटेवर बसल्या आणि पाय जमिनीला लावायला त्यांनी साफ नकार दिला. ज्यानं खड्डा खणला त्यानं इथं यायचं, खाटेसमोर उभं राहायचं आणि 'तप्पायतु' म्हणायचं. तप्पायतु म्हणजे कानडीत 'चुकलं'. तेवढा शब्द ऐकल्याशिवाय हा पाय खाली येणार नाही.

"पैसा नको मला, औषध नको," त्या म्हणाल्या. "एक शब्द आणून दे, शिवू. जन्मभर कागद इकडचे तिकडे केलेस की. एक शब्द आणायला काय लागतंय?"

शिवयोगींनाही तसंच वाटलं. शिवाय त्यांच्याकडे समिती होती. निवृत्त झाल्यावर चार महिन्यांतच घरात पत्रं लिहायला कुणी मिळेना म्हणून त्यांनी 'गल्ली नागरिक समिती' स्थापन केली होती. अध्यक्ष तेच, सचिव तेच. सभासद म्हणून शेजारच्या महिपतींचं नाव घातलं होतं. समितीला गोल शिक्का होता आणि आवक-जावकची स्वतंत्र नोंदवही होती. जावक बाजूला दोनशे बारा पत्रं झाली होती. आवक बाजूला एकच नोंद होती, तीही दिवाळीच्या आधीची, कुठल्याशा 'सहकार्याच्या विनंती'ची. बाकी पान कोरं. त्या कोऱ्या पानाकडे बघून शिवयोगींना कधी कधी फार वाईट वाटायचं, पण ते कुणाला सांगत नसत.

महिपती मूळचे सांगोल्याकडचे. एसटीत ड्रायव्हर होते, आणि कुठलाही प्रश्न जवळच्या रस्त्यानं सुटतो यावर त्यांचा विश्वास होता. कंपनीच्या मागं कशाला लागताय, मीच म्हणतो की, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी नातवाची टोपी घालून, गळ्यात कसलंसं ओळखपत्र अडकवून ते खाटेसमोर उभे राहिले आणि खाली मान घालून 'तप्पायतु' म्हणाले. नागव्वांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सुनेला हाक मारली, जगदेवी, महिपती आलेत, चहा टाक. महिपतींनी चहा घेतला, सोबतच्या कडक भाकरीचे दोन तुकडे खाल्ले आणि टोपी खिशात घालून घरी गेले.

मग शिवयोगींनी कंपनीला फोन लावला. फोनवरच्या बाईनं नवीन जोडणीसाठी एक दाबायला सांगितलं, बिलासाठी दोन, वेग कमी असल्यास तीन. आईसाठी काय दाबायचं ते तिनं सांगितलं नाही. पाऊण तासानं एक जिवंत माणूस सापडला. त्यानं फार आपुलकीनं चौकशी केली आणि मग ग्राहक क्रमांक विचारला. तुम्ही ग्राहकच नसाल तर तक्रार कशी घेणार, असा त्याचा प्रश्न होता, आणि शिवयोगींना तो नियम म्हणून एकदम पटला. त्यांनी स्वतः चौतीस वर्षं अर्धे अर्ज याच प्रकारे परत पाठवले होते.

म्हणून त्यांनी जोडणी घेतली. ज्या कंपनीनं आईचा पाय मोडला तिचं यंत्र जगदेवीबाईंनी देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. ते दिवसभर हिरवा डोळा मिचकावायचं, आणि नागव्वा खाटेवरून त्याच्याकडे रोखून बघायच्या. ग्राहक झाल्यावर तक्रार लगेच घेतली गेली. फक्त तक्रारींच्या यादीत खड्डा नव्हता, त्यामुळे 'वेग कमी' या सदरात ती नोंदवली. दुसऱ्या दिवशी एक माणूस येऊन वेग मोजून गेला. संध्याकाळी शिवयोगींच्या मोबाईलवर संदेश आला: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे.' त्यांनी पुन्हा तक्रार केली. पुन्हा वेग मोजला गेला, पुन्हा समाधान झालं. असं अकरा वेळा त्यांचं समाधान झालं. बाराव्या वेळी शिवयोगींनी इस्त्रीचा सदरा घातला, चार पानी पत्र घेतलं आणि सात रस्ता चौकात कंपनीच्या कार्यालयात गेले.

कार्यालय थंडगार होतं. उत्कर्षा नावाच्या व्यवस्थापक बाईंनी त्यांना पाणी दिलं, काका म्हणाल्या, आईंची चौकशी करताना त्यांचे डोळे खरोखर पाणावले. शिवयोगींना वाटलं, झालं काम. मग बाई म्हणाल्या की त्यांची कंपनी खणतच नाही. ती फक्त सेवा देते. खणणारी कंपनी वेगळी, तिचं नाव 'अखंडजोड पायाभूत'. ती कुठं भेटेल असं विचारल्यावर त्यांनी शेजारचं टेबल दाखवलं.

शेजारच्या टेबलावर अभिमन्यू नावाचा तरुण बसला होता. मघाशी यानंच दार उघडून शिवयोगींना आत घेतलं होतं. आता त्यानं गळ्यातलं निळं ओळखपत्र काढलं, खणातून हिरवं काढून घातलं आणि नव्यानं नमस्कार केला. त्यानंच तो नकाशा दाखवला. नकाशात शिवयोगींची गल्ली पांढरी होती. पांढरं म्हणजे 'भविष्यातील विस्तार'. तिथं अजून खणलेलंच नाही. मग माझ्या घरी जोडणी कुठून आली, असं शिवयोगींनी विचारलं. अभिमन्यूनं संगणकात बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं की जोडणीचं खातं सेवा देणाऱ्या कंपनीकडे आहे. आणि ओळखपत्र बदलण्यासाठी त्याचा हात पुन्हा खणाकडे गेला.

पण पोरगा मनानं वाईट नव्हता. शिवयोगी उठले तेव्हा तो दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, काका, कामाचा ठेका श्रीपूरचे गुंडा म्हणून एक ठेकेदार आहेत त्यांच्याकडे होता, पण माझं नाव सांगू नका.

श्रीपूरला महिपती बरोबर आले. कारखान्याचा गाळप हंगाम चालू होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत एका ट्रॅक्टरच्या सावलीत गुंडा ठेकेदार खाट टाकून बसला होता. त्यानं दोघांना रस पाजला. खड्ड्याचं ऐकून त्याला फार वाईट वाटलं. पण चर मशीननं खणला, आणि मशीन भाड्याचं होतं. मशीनवाला पार आटपाडीकडं. चर बुजवायचं कलम ठेक्यात होतं की नव्हतं ते कंपनीला ठाऊक, कारण कागद इंग्रजीत होता आणि त्यानं सही मराठीत केली होती.

"काका, मी खनलं न्हाय आन् बुजवलंबी न्हाय," गुंडा म्हणाला. "मी निस्ता हुबा हुतो."

महिपतींनी परतीच्या एसटीत सल्ला दिला, की आता मशीन शोधून त्यालाच खाटेसमोर उभं करावं. शिवयोगी बाहेर बघत होते. खिडकीतून ऊस मागं पळत होता आणि त्यांना खाटेवरून लोंबणारा आईचा पाय दिसत होता. तो आता दुसऱ्या पायापेक्षा बारीक दिसायला लागला होता. ही गोष्ट त्यांनी अजून जगदेवीलाही बोलून दाखवली नव्हती.

आणि अशात कंपनीचं निमंत्रण आलं. फोनवरूनच आलं, नाहीतर आवक बाजूला तेवढीच भर पडली असती. 'ज्येष्ठ ग्राहक गौरव सोहळा'. महिन्याभरात बारा वेळा कंपनीशी संवाद साधणारा ग्राहक म्हणून शिवयोगींची निवड झाली होती, आणि खुद्द विभागीय साहेब पुण्याहून येणार होते. शिवयोगींच्या डोळ्यांत चमक आली. चार पानी पत्राचं त्यांनी सहा पानी केलं. भर सभेत, साहेबांच्या तोंडावर वाचायचं ठरलं. जगदेवीबाई जायला नको म्हणत होत्या. आपल्या नवऱ्याला त्या चाळीस वर्षं ओळखत होत्या.

सोलापुरात माणसाचा सत्कार सुरू झाला की त्याला सुटका नसते. शिवयोगी व्यासपीठावर चढले आणि तोंड उघडायच्या आत मागून एकानं त्यांचं डोकं धरलं आणि फेटा बांधायला घेतला. डोक्याला फेटा बांधला जात असताना माणसाला रागावता येत नाही. मान सरळ ठेवावी लागते, हनुवटी वर करावी लागते आणि चेहरा आपोआप प्रसन्न दिसतो. फेट्यामागून हार आला, हारामागून शाल आली, हातात नारळ आला. दोन्ही हात भरल्यावर पत्र खिशातून काढणार कसं? तेवढ्यात कुणीतरी ध्वनिक्षेपक तोंडासमोर धरून दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि शिवयोगींच्या कानांना त्यांचाच आवाज ऐकू आला: "हा सत्कार माझा एकट्याचा नसून माझ्या संपूर्ण गल्लीचा आहे." पुढं ते कंपनीच्या भरभराटीबद्दलही बोलले. का बोलले ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, 'समाधानी ग्राहक'. महिपतींनी तो कौतुकानं नागव्वांना नेऊन दाखवला. नागव्वांनी पेपर लांब धरून बघितला, घडी घालून उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. शिवयोगी खाटेपाशी दोनदा आले आणि दोनदा तसेच परत गेले. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जगदेवीबाई मात्र शाल घेऊन खिडकीपाशी बसल्या होत्या. शाल बरी होती, काठ चांगला होता. तिची घडी घालता घालता त्या सहज बोलल्या.

"अहो, चूक म्हटल्यावर कुणी पुढं येत नाही. शाल म्हटल्यावर तुम्हीसुद्धा गेलात की."

शिवयोगी जागच्या जागी थांबले. मग टेबलाशी जाऊन बसले, आणि जावक क्रमांक दोनशे तेरा लिहायला घेतला. आयुष्यातलं सगळ्यात सुंदर पत्र त्यांनी त्या दुपारी लिहिलं. गल्लीत झालेल्या भूमिगत कामामुळे नागरिकांचं जीवन आमूलाग्र बदललं असून, त्याप्रीत्यर्थ समितीतर्फे नागरी सत्कार योजला आहे. शाल एकच असल्यामुळे हे काम नेमकं कुणाच्या निर्णयानं, कुणाच्या देखरेखीखाली आणि कुणाच्या हातून झालं, ते संबंधितांनी स्वतःच्या सहीनिशी लेखी कळवावं, म्हणजे योग्य व्यक्तीचा सत्कार करता येईल. खाली गोल शिक्का मारला आणि चार प्रती चौघांना पाठवल्या.

चौथ्या दिवशी पोस्टमननं हाक मारली, आणि आवक बाजूला दुसरी नोंद झाली. आठवड्यात नोंदी पाचपर्यंत गेल्या. शिवयोगींनी चष्मा पुसून पुसून ती पत्रं वाचली. विभागीय साहेबांनी कळवलं होतं की या कामाची संकल्पना, निर्णय आणि अंमलबजावणी सर्वस्वी त्यांचीच आहे. उत्कर्षाबाईंनी कळवलं होतं की साहेब पुण्याला असतात, रोजची देखरेख त्यांनी स्वतः केली. अभिमन्यूनं लिहिलं होतं की नकाशात नसतानाही या गल्लीत आधी खणावं हा आग्रह त्याचाच होता. आणि गुंडानं फोटो पाठवला होता. काळा चष्मा लावून, एक पाय मशीनवर आणि एक पाय खड्ड्याच्या काठावर ठेवून तो उभा होता, आणि मागं शिवयोगींच्या घराचं दार स्वच्छ दिसत होतं. फोटोच्या पाठीवर लिहिलं होतं, 'सगळं माझ्या म्होरं खनलंय'.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी गल्लीत मांडव पडला. मांडव बरोबर चरावर घातला होता, म्हणजे पाहुण्यांच्या खुर्च्या जपून मांडाव्या लागल्या. महिपतींनी सतरंज्या आणल्या, जगदेवीबाईंनी शालीला इस्त्री केली. नागव्वांना खुर्चीसकट उचलून पुढं बसवलं होतं. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी दिलेली मुदत त्या आठवड्यात संपत होती.

चौघेही आले. प्रत्येकाला वाटत होतं की सत्कार आपलाच आहे आणि बाकीचे टाळ्या वाजवायला आलेत. विभागीय साहेबांनी तर कंपनीचा फोटोवालाही आणला होता. शिवयोगींनी नोंदवही उघडली आणि आवक क्रमांकासकट चारी पत्रं मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर चौघांनी एकमेकांकडे जरा तिरकं बघितलं, पण साहेब मोठे, म्हणून नागव्वांच्या हातून शाल साहेबांच्या खांद्यावर पडली. टाळ्या झाल्या. फोटो निघाला.

मग शिवयोगींनी पिशवीतून एक्स-रे काढला आणि उन्हात वर धरला. या कामामुळे नागरिकांच्या जीवनात झालेला बदल तो हाच, असं ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं: कोणता सोमवार, कोणता पाय, किती ठिकाणी मोडला, चुकलेली यात्रा, आणि आखडत चाललेला सांधा. शेवटी म्हणाले, आमच्या अव्वाचं काही मागणं नाही. शाल ज्यांच्या अंगावर आहे त्यांनी तिला एक शब्द म्हणावा, तप्पायतु.

साहेबांनी खांद्यावरच्या शालीकडे बघितलं. मग उभं राहून ते फार नम्रपणे बोलले, की मी निमित्तमात्र, खरं श्रेय स्थानिक नेतृत्वाचं. असं म्हणून शाल त्यांनी उत्कर्षाबाईंच्या खांद्यावर घातली. उत्कर्षाबाईंना गहिवरून आलं. खणणारी कंपनी वेगळी असताना हा मान आपण घेणं बरं नव्हे, असं म्हणून त्यांनी ती अभिमन्यूवर घातली. अभिमन्यूनं गळ्यातलं हिरवं ओळखपत्र चाचपलं, शाल काढली आणि गुंडाकडे दिली. गुंडाच्या पलीकडे कुणी नव्हतं. त्यानं मशीनवाला दिसतो का म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली. मग त्याला काहीतरी आठवलं, आणि त्यानं खिशातून एक चुरगळलेला कागद काढला.

"काका, रागावू नका," तो म्हणाला. "पर हितं तुमचीच सही हाय की."

कागद मराठीत होता. गल्लीत चर खणण्यास समितीची हरकत नाही, चर नीट बुजवून घेण्याची जबाबदारी समितीची राहील, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खाली गोल शिक्का होता, आणि तो इतका सुरेख उमटला होता की शिवयोगींना तो ओळखावाच लागला. आवक क्रमांक एक. सहकार्याची विनंती. दिवाळीच्या आधी कुणीतरी दारात आलं होतं आणि त्यांना 'अध्यक्षसाहेब' म्हणालं होतं. तेव्हा त्यांनी शाईची पेटी शोधली होती. चष्मा शोधला नव्हता.

शाल त्यांच्या खांद्यावर आली. चौघांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसातल्या सगळ्यात जोरदार टाळ्या त्याच होत्या. साहेब तर उभे राहून वाजवत होते.

शिवयोगींनी शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. ते आईसमोर जाऊन उभे राहिले. सहासष्ट वर्षांच्या माणसाला ऐंशी पार केलेल्या आईसमोर जितकं लहान होता येतं तितके ते झाले होते.

"तप्पायतु, अव्वा," ते म्हणाले.

नागव्वांनी हात वर करून त्यांच्या गालावरून फिरवला.

"एक मिळाला," त्या म्हणाल्या. "तू बस. बाकीचे मी आणते."

आणि दीड महिना हवेत ठेवलेला पाय त्यांनी जमिनीवर टेकवला. जगदेवीबाई धरायला धावल्या, त्यांना त्यांनी बाजूला केलं. महिपतींची काठी घेतली आणि ओठ दाबून पहिलं पाऊल टाकलं, मग दुसरं. त्या विभागीय साहेबांच्या दिशेनं चालल्या होत्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. नागव्वा तिसरं पाऊल टाकेपर्यंत साहेब मांडवाबाहेर होते. चौथ्या-पाचव्या पावलापर्यंत उत्कर्षाबाई आणि गुंडाही गेले. अभिमन्यू खड्ड्याच्या काठाशी जरा घुटमळला, मग तोही गेला. कंपनीची गाडी वळेपर्यंत नागव्वा गल्लीच्या तोंडाशी पोचल्या होत्या. तेवढं अंतर डॉक्टरांनी त्यांना महिन्यानं सांगितलं असतं.

शिवयोगी खुर्चीवर बसून रडत होते. कंपनीच्या फोटोवाल्यानं घाईत नागव्वांचा एक फोटो काढलाच, आणि तो पेपरात आला: 'अखंडजोडच्या कार्यक्रमात वृद्धा चालू लागली'. यावेळी महिपतींनी पेपर कुणाला दाखवला नाही.

चारी पत्रांच्या प्रती जोडून शिवयोगींनी कंपनीला रीतसर लिहिलं, की आता आमच्याकडे आपली लेखी कबुली आहे. दीड महिन्यानं उत्तर आलं, आवक क्रमांक सहा. अखंडजोड नावाची कंपनी आता अस्तित्वात नसून तिचे पाइप, ग्राहक आणि कर्मचारी 'नवबंध' या कंपनीकडे आले आहेत. चुका मात्र जुन्या कंपनीकडेच राहिल्या आहेत. तरी त्यांच्याकडे संपर्क साधावा. कागद, पत्ता आणि सात रस्त्याचा फोन नंबर तेच होते. खड्डा गल्लीतल्या लोकांनी महिपतींच्या ओळखीनं दोन ट्रॉल्या मुरूम आणून बुजवला. समितीचा गोल शिक्का नागव्वांनी स्वतःच्या चंचीत ठेवून दिला, पान-सुपारीशेजारी.

मेच्या अखेरीला एक दिवस सकाळी नागव्वा देवळातून येऊन ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. शिवयोगी शेजारी पेपर वाचत होते. अभिमन्यू आला. गळ्यात आता भगवं ओळखपत्र होतं, त्यावर नवबंध लिहिलं होतं. बगलेत पिशवी होती आणि पिशवीतून शालीचा काठ दिसत होता. नव्या कंपनीला जुन्या पाइपाशेजारी नवा पाइप टाकायचा होता, आणि त्यासाठी समितीचं सहमतीपत्र लागत होतं.

शिवयोगींनी हात पुढं केला नाही. त्यांनी आईकडे बघितलं.

"आधी तप्पायतु म्हण," नागव्वा म्हणाल्या.

अभिमन्यू गोंधळला. कशाबद्दल आजी, त्यानं विचारलं, आम्ही अजून काही केलंच नाही.

"करणार आहेस की. केल्यावर तुमच्यातलं कुणी सापडत नाही. आधीच म्हणून ठेव."

अभिमन्यूनं गल्लीच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं. नागव्वांच्या पायांकडे, त्यातल्या जरा वाकड्या राहिलेल्या उजव्या घोट्याकडे बघत तो तो शब्द म्हणाला. कानडी त्याला येत नसावी, पण शब्द नीट आला.

नागव्वांनी शिवयोगींना लिहून घ्यायला सांगितलं. शिवयोगींनी आत जाऊन नोंदवही आणली, आधी चष्मा लावला आणि आवक क्रमांक सात घातला. विषयाच्या रकान्यात तप्पायतु लिहिलं. कुणाकडून या रकान्यापाशी येऊन ते थांबले आणि कंपनीचं आताचं पूर्ण नाव विचारलं.

"कंपनीचं नको, काका," अभिमन्यू म्हणाला. "माझंच नाव लिहा."

शिवयोगींनी त्याचं नाव लिहून खाली सही घेतली. नागव्वांनी चंची उघडून शिक्का काढला, त्या नोंदीवर स्वतःच्या हातानं उमटवला आणि पुन्हा चंचीत टाकला. अभिमन्यूनं ओट्यावर ठेवलेलं सहमतीपत्र मात्र सहीविना तसंच पडलं होतं. जगदेवीबाईंनी आतून विचारलं, किती चहा टाकू? नागव्वांनी चार सांगितले.